घरच्या घरी, मिक्सरशिवाय सोपे ग्वाकामोले कसे करावे?

आपण लिहिले आहे की रत्नागिरीत मिळालेल्या अ‍ॅव्होकॅडोचे ग्वाकामोले, म्हणजे या फळाच्या गराची मेक्सिकन चटणी, आपण दोनदा करून पाहिले. पहिल्या वेळी ते कडवट लागले, दुसऱ्या वेळी पाहुणे येईपर्यंत काळपट पडले, आणि आता मोजक्या जिनसांत, मिक्सरशिवाय होणारी पद्धत आपल्याला हवी आहे. मी अलिबागजवळ राहते आणि आमच्या घरी हा पदार्थ बऱ्याच वेळा होतो, म्हणून अनुभवाने लिहिते. कृतीला दहा मिनिटे पुरतात. वेळ लागतो तो फळ पिकायला, आणि आपल्या पहिल्या खेपेच्या कडवटपणाचे कारण बहुधा तिथेच आहे.

अ‍ॅव्होकॅडो झाडावर तयार होते, पण झाडावर मऊ होत नाही. उतरवल्यावरच ते पिकू लागते. आंब्याची आढी लावणाऱ्या घरात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कडक फळ मी कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवते आणि शेजारी एक पिकलेले केळे ठेवते. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे फळ लवकर पिकते. पावसाळ्यात आपल्याकडची हवा दमट असल्याने फळ देठाकडून बुरसण्याची भीती असते, म्हणून ते रोज काढून पाहावे. कडक फळ फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण गारव्यात पिकण्याची क्रिया मंदावते. मात्र पुरते पिकलेले फळ दोन-तीन दिवस तिथे चांगले राहते.

पिकल्याची खूण ओळखताना रंगावर विसंबू नये. बाहेरून येणारी हास जातीची खडबडीत सालीची फळे पिकल्यावर काळसर जांभळी होतात, पण कूर्ग, वायनाड, निलगिरी या भागांतून येणारी, तिकडे बटरफ्रूट म्हणून ओळखली जाणारी मोठी, गुळगुळीत फळे बहुधा पिकूनही हिरवीच दिसतात. फळ तळहातावर घेऊन देठाजवळ हलकेच दाबावे; तयार हापूस जसा किंचित दबतो तसे ते दबले पाहिजे. बोटाने चेपून पाहण्याची सवय टाळावी, कारण चेपलेल्या जागी गर आतून काळा पडतो. हिरव्या जातीच्या गरात पाणी थोडे अधिक असते, त्यामुळे त्याचे ग्वाकामोले सैलसर होते. अशा वेळी टोमॅटो वगळावा.

आता कृती. ग्वाकामोले हा शब्द मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतून आला आहे. त्या भाषेत अ‍ॅव्होकॅडोला आहुआकात्ल आणि वाटून केलेल्या रश्शाला किंवा चटणीला मोल्ली म्हणतात. म्हणजे ही मुळात एक चटणीच आहे, आणि ती तिकडे दगडी खलात वाटली जाते. तो खल परंपरेने बेसॉल्टचा, म्हणजे आपला पाटा-वरवंटा ज्या काळ्या दगडाचा असतो त्याच जातीच्या दगडाचा असतो. त्यामुळे आपल्या घरी दगडी खल किंवा पाटा असेल तर या पदार्थासाठी त्याहून योग्य साधन दुसरे नाही.

दोन मध्यम फळांसाठी एक लहान कांदा, एक-दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, अर्धा चमचा मीठ आणि एक रसदार कागदी लिंबू घ्यावे. मेक्सिकोत यासाठी बहुधा पांढरा कांदाच वापरतात, आणि आमच्या अलिबागचा पांढरा कांदा चवीला गोडसर व कमी तिखट असल्याने इथे अगदी शोभतो. उन्हाळ्यात त्याच्या माळा घेऊन ठेवाव्यात. त्या संपल्या असतील तर साधा लाल कांदा बारीक चिरून पाच मिनिटे पाण्यात ठेवावा आणि पिळून घ्यावा, म्हणजे त्याचा उग्रपणा उतरतो. निम्मा कांदा, मिरच्या, निम्मी कोथिंबीर आणि मीठ आधी खलात चांगले रगडावे, आणि या ओल्या वाटणात मग फळाचा गर घालून तो वरवरच चेचावा. काही फोडी तशाच राहिल्या पाहिजेत. शेवटी लिंबू पिळून उरलेला कांदा व कोथिंबीर मिसळावी. टोमॅटो घालायचा असल्यास अर्धाच घ्यावा, बिया व पाणी काढून.

फोडणी मात्र देऊ नये. चटणी म्हटली की आपला हात मोहरी-हिंगाकडे जातो, पण हा गर तापला की कडवट होतो, आणि आपल्या पहिल्या खेपेला फळ कच्चे नसेल तर कारण हेही असू शकेल. लिंबाऐवजी कोकमाचे आगळ घालून मी पाहिले आहे. आंबटपणा येतो, पण हिरवा रंग मळतो, म्हणून लिंबूच ठेवावे. लसूण, जिरे, ओले खोबरे यांची गरज नाही. या फळाची चव सौम्य असते आणि ती सहज झाकली जाते.

काळपटपणाबद्दल सांगायचे तर चिरलेले वांगे जसे हवेने काळे पडते तसेच इथेही होते. गरातील एंझाइमची हवेतील प्राणवायूशी गाठ पडते आणि रंग बदलतो. लिंबाने ही क्रिया मंदावते, थांबत नाही. भांड्यात बाठा ठेवण्याचा सल्ला आपण ऐकला असेल. त्याचा उपयोग बाठ्याखाली झाकलेल्या जागेपुरताच होतो. त्यापेक्षा लहान डबा काठोकाठ भरावा, वरून दाबून सपाट करावा, त्यावर चमचाभर लिंबाचा रस पसरावा आणि डबा घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवावा. शक्य असेल तर वाटण आधी करून ठेवावे आणि पाहुणे दारात आल्यावरच फळ कापावे. मी हेच करते.

सोबत मक्याच्या कुरकुरीत चकत्या मिळाल्या तर उत्तम, पण आमच्याकडे फणसाचे तळलेले गरे किंवा पोह्याचे भाजलेले पापड ठेवतात. पापड सादळू नयेत म्हणून ते आयत्या वेळी भाजावेत, आणि गरे खारट असल्याने त्या दिवशी वाटणात मीठ थोडे कमीच घालावे.