दाणा आधी, धूर नंतर

प्रश्न : रात्रभर भिजवलेला पांढरा राजमा टोमॅटो, कांदा, व्हिनेगर घालून थेट स्मोकरमध्ये (लाकडाच्या धुरावर मंद शिजवायच्या पेटीत) ११० अंश सेल्सिअसवर ठेवला. पाच तासांनीही दाणा टणकच. बीन्स जुने असावेत का?

उत्तर : असतीलही, पण खरी कारणं दोन. ११० अंश हे स्मोकरमधल्या हवेचं तापमान. उघड्या भांड्यातून वाफ जात राहते आणि उष्णता सोबत नेते. त्यामुळे रस बराच वेळ उकळीच्या खालीच घुटमळतो. त्यात आंबट. दाण्याच्या पेशी धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात सहजी सुटत नाही. टोमॅटो आधी पडला की दाणा शिजायचा अडतो. जड पाण्यातलं कॅल्शियमही हेच करतं.

म्हणून स्मोकरकडून फक्त धूर घ्या, शिजवण्याचं काम चुलीचं. ५०० ग्रॅम बीन्स २ लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवून १०-१२ तास भिजवा. मिठाने साल मऊ होते. ते पाणी टाकून द्या, दाणे धुवा आणि नव्या पाण्यात शिजवा. दाणा अख्खा दिसावा, पण चिमटीत दाबताच पिचावा. गणंग राहिले असतील तर ते पुढे धुरात शिजतील ही आशा सोडा.

राजमा असेल, विशेषतः लाल, तर हा नुसता चवीचा प्रश्न नाही. कच्च्या दाण्यातलं फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. निदान ३० मिनिटं खळखळून उकळी हवीच.

प्रश्न : धुरातल्या बीन्सच्या बहुतेक कृती गोडमिट्ट असतात. तिखट-खारट चवीसाठी प्रमाण काय?

उत्तर : वरच्या ५०० ग्रॅमसाठी ३ मोठे चमचे तेलात २ कांदे तांबूस परता, ८ लसूण पाकळ्या आणि ३ मोठे चमचे टोमॅटो पेस्ट घालून तेल सुटेपर्यंत भाजा. २ मोठे चमचे सोया सॉस, १ मोठा चमचा मोहरीची पेस्ट, प्रत्येकी १ छोटा चमचा मिरपूड आणि लाल तिखट. साखर १ छोटा चमचा, तीही फक्त आंबटपणाची धार मोडायला. बीन्स शिजलेलं पाणी ६०० मिलिलिटरच्या आसपास लागेल. मीठ शेवटी चाखूनच घाला, कारण रस आटला की खारटपणा वाढतो. व्हिनेगर १ मोठा चमचा, उतरवताना.

प्रश्न : धुराची चव येते, पण कडवट. लाकूड बदलावं का?

उत्तर : आधी धुराचा रंग बघा. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड हवेअभावी धुमसतंय. त्यातली काजळी आणि क्रिओसोट (धुरातला कडू, डांबरासारखा अंश) ओल्या रसावर बसतात. वरची झडप पूर्ण उघडी ठेवून आच खालच्या झडपेने सांभाळा. धूर विरळ, निळसर झाल्यावरच भांडं आत ठेवा. लाकडाचे तुकडे भिजवू नका, आधी नुसतं पाणीच उडत बसतं. ओक, हिकरी किंवा सफरचंदाचं लाकूड चालतं. मेस्किटचं लाकूड इथे फार उग्र.

धूर फक्त पृष्ठभागावर बसतो. म्हणून पसरट भांडं घ्या, थर ५-६ सेंटिमीटर, झाकण नको, दर ३० मिनिटांनी तळापासून ढवळा. १२० अंशांवर दोन ते अडीच तास पुरे. भांडं स्टीलचं किंवा एनॅमलचं असावं. नुसत्या लोखंडात टोमॅटो धातूची चव धरतो. आणि स्मोकर उघड्यावरच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : वर सुकी खपली, खाली पातळ रस. काय करावं?

उत्तर : ढवळणं कमी पडलं. रस दाण्यांच्या वर बोटभर राहील एवढं आधणाचं पाणी घालत जा. गार पाण्याने शिजण्याचा वेग मोडतो. शेवटी पळीभर दाणे कडेला चेचून मिसळा. थोडा पातळच उतरवा, निवताना तो आळतो.

प्रश्न : डब्यातले बीन्स चालतील?

उत्तर : हो, साधे, बिनसॉसचे. ते शिजलेलेच असतात; निथळून, धुऊन घ्या आणि दीड तासातच काढा, नाहीतर लगदा होतो.