पाळी जाताना परदेशात एकटीने सोसू नका

इंग्लंडहून एका ताईंनी लिहिलंय. वय ४६. पाळी कधी वीस दिवसांनी, तर कधी दोन-अडीच महिन्यांनी. रात्री घामाने गाऊन ओलाचिंब होतो, मीटिंगमध्ये नेमका शब्द आठवत नाही. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, "एवढ्यात कुठलं?" आणि पुण्याहून आई फोनवर म्हणते, "आम्ही नाही बाई असा बाऊ केला."

ताई, मैत्रिणींचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर आहे. ब्रिटनमध्ये पाळी थांबण्याचं सरासरी वय ५१ आहे, भारतीय बायकांमध्ये ते ४६-४७ च्या आसपास येतं. शिवाय त्रास सुरू होतो तो पाळी पुरती थांबण्याच्या काही वर्षं आधीच. आईंनी निमूट सोसलं, कारण त्यांना बोलायची सोयच नव्हती. तुम्हाला आहे.

जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ फक्त याच कारणासाठी घ्या. आपल्या बायका गुडघे दुखतात, थकवा येतो, झोप नाही, असं सुटं सुटं सांगतात आणि पेनकिलर घेऊन घरी येतात. तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगा, "मला मेनोपॉजबद्दल बोलायचंय." पाळीच्या तारखा, रात्री किती वेळा जाग येते, कामावर काय अडतं, हे महिना-दोन महिने वहीत टिपून ती वहीच समोर ठेवा. इंग्रजीत असलं बोलणं अवघड वाटत असेल तर दुभाषा मागा, एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, त्याचे पैसे पडत नाहीत. मुलाला किंवा मुलीला दुभाषा करू नका. पंचेचाळिशीनंतर लक्षणं स्पष्ट असतील तर निदानासाठी हार्मोनची रक्ततपासणी लागत नाही. ती केली नाही म्हणजे डॉक्टर टाळतायत असं समजू नका. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनचं मात्र जरूर विचारा.

एचआरटी, म्हणजे शरीरात कमी झालेले हार्मोन औषधातून देण्याचा उपचार, म्हटलं की आपल्याकडे लगेच कॅन्सरची भीती वाटते. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन दोन्ही असलेल्या उपचाराने स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, आणि जितकी जास्त वर्षं घ्याल तितका वाढत जातो, हे खरं आहे. पण पॅच किंवा जेलमधून इस्ट्रोजेन घेतलं तर गोळ्यांसारखा रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढत नाही. घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर ते आधी सांगा आणि मग ठरवा. घ्यायचं ठरलं तर इंग्लंडमध्ये एप्रिल २०२३ पासून दोन प्रिस्क्रिप्शनच्या शुल्कात वर्षभराची एचआरटी मिळते, त्याचं सर्टिफिकेट काढून ठेवा. नकोच असेल तर घामाच्या लाटा आणि झोपेसाठी सीबीटी, म्हणजे समुपदेशनाचा एक प्रकार, उपयोगी पडतो.

हाडांकडे आत्तापासून बघा. आपल्या वर्णाच्या लोकांनी तिथे ड जीवनसत्त्वाची १० मायक्रोग्रॅमची गोळी बारा महिने घ्यावी, असा सरकारी सल्लाच आहे. नाचणीची भाकरी, तीळ, दही चालू ठेवा, आणि चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा वजनं उचला.

दादा, हे तुमच्यासाठी. रात्री तिने खिडकी उघडली तर जाड पांघरूण तुम्ही घ्या, हीटर वाढवू नका. तिची चिडचिड म्हणजे तुमच्यावरचा राग, असं धरून बसू नका. जवळीक दुखरी झाली असेल तर त्यावर साधं क्रीम मिळतं. तो विषय तुम्ही काढलात तर तिला बोलणं सोपं जाईल.

आणि ताई, पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी थेंबभर जरी, तर "उष्णता झाली असेल" म्हणून थांबू नका. लगेच जीपीला फोन करा.