दुकानाचा टेकू म्हणून मुलगी नको

प्रश्न : शालिमारजवळ माझी वर्तमानपत्रांच्या जाहिराती घेण्याची एजन्सी आहे, २२ वर्षं झाली. धंदा निम्म्यावर आलाय. मुलीला बारावी आर्ट्सला ८१ टक्के मिळाले, ती पत्रकारिता म्हणून हटून बसलीय. पेपर संपले, हे मी रोज डोळ्यांनी बघतो. तिनं सहा महिन्यांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून दुकान सांभाळावं, असं मी ठरवलंय. फी ८५ हजार. तुम्ही तिला समजावून सांगा.
एक पालक, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र एजन्सीच्या लेटरहेडवर आलं. सहीखाली, अगदी कडेला, मुलीनं पेन्सिलीनं लिहिलंय : ‘मला जाहिराती आणायच्या नाहीत, बातम्या लिहायच्या आहेत. बाबांना सांगा.’ त्या ओळी तुम्ही खोडल्या नाहीत, तशाच पाठवल्या. त्याच भरवशावर स्पष्ट लिहितो.

तिला मी समजावणार नाही. ८१ टक्क्यांची मला चिंता नाही, तिच्या हट्टाचीही नाही. चिंता वाटते ती ‘असं मी ठरवलंय’ या शब्दांची. बावीस वर्षं उभा केलेला धंदा डोळ्यांदेखत खचतो तेव्हा माणसाला रात्र रात्र झोप लागत नाही. बँकेचा हप्ता थांबत नाही, गिऱ्हाइकाकडची उधारी सुटत नाही. हे सगळं मला कळतं. पण खचणाऱ्या भिंतीला टेकू म्हणून अठरा वर्षांची पोर उभी करायची नसते. दुकान बुडालं तर आपल्यामुळे बुडालं असं तिला जन्मभर वाटेल. आणि सावरलं, तर तिथून ती सुटणार कधी?

आता ‘पेपर संपले’बद्दल. तुमच्याच टेबलावर बघा. वधू-वर, नोकरी, फ्लॅट विकणे, जुनी गाडी विकणे... शब्द मोजून दर लावायचा आणि रविवारच्या अंकासाठी पावती फाडायची. त्यातली लग्नं विवाहाच्या संकेतस्थळांवर गेली, नोकऱ्या नोकरी डॉट कॉमसारख्या ठिकाणी गेल्या, जुन्या वस्तू ओएलएक्सवर. तुमच्याकडे उरल्या जाहीर नोटिसा, नावात बदल आणि पुण्यस्मरणाच्या चौकटी. वाचणारा माणूस मात्र आहे तिथंच आहे, तीच बातमी तो आता मोबाइलवर वाचतो. अंकाच्या किमतीत छपाईचा खर्चही निघत नाही, ती तूट जाहिरात भरून काढायची, आणि नेमकी तीच उठून गेली. इंटरनेटवरची पहिली बॅनर जाहिरात ऑक्टोबर १९९४ मध्ये झळकली, गूगलनं जाहिरातींची सेवा २००० साली सुरू केली. अमेरिकी वर्तमानपत्रांचं जाहिरातींचं उत्पन्न २००५ साली ४९ अब्ज डॉलरच्या आसपास होतं, २०२० मध्ये ते १० अब्जांच्या खाली आलं. आपल्याकडे पडझड तेवढी नाही, पण उद्योग संघटना फिक्की आणि सल्लागार कंपनी ईवाय यांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये माध्यम आणि करमणूक व्यवसायात डिजिटलनं उत्पन्नात टीव्हीलाही मागे टाकलं. सराफ बाजारातला पेढीवाला जिल्हा आवृत्तीत पाव पान घ्यायचा, तेव्हा सुरगाण्यातल्या वाचकाचेही पैसे मोजायचा. तो वाचक पेढीवर येण्याचा संभव फार थोडा. आज तोच पेढीवाला इंदिरानगरमध्ये बसून मंगळसूत्राचं डिझाइन शोधणाऱ्या बाईच्या एका क्लिकचे पैसे देतो. तो हिशेब तुम्हीही केला असता. पण गोदावरीत सांडपाणी कुठून मिसळतं, २०२७च्या सिंहस्थाची कामं कुणाला मिळाली, लासलगावात कांद्याचा भाव आज का पडला, हे कुणीतरी उन्हात जाऊन बघावंच लागतं. ते काम पेढीवाल्याच्या क्लिकवर होत नाही.

राहिला तो कोर्स. डिजिटल जाहिरात म्हणजे पोस्ट आणि रील टाकणं, अशी समजूत करून देऊन ८५ हजार मागणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. हा हिशेबाचा धंदा आहे. गूगलवरच्या प्रत्येक शोधामागे जाहिरातीच्या जागेचा क्षणात लिलाव होतो, आणि त्यात नुसती मोठी बोली जिंकत नाही. जाहिरात शोधाला किती लागू पडते आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान कसं आहे, तेही मोजलं जातं. हे शिकवणारे गूगलचे स्वतःचे पाठ त्यांच्या स्किलशॉप या संकेतस्थळावर फुकट आहेत.

ते तुम्ही शिका. हो, तुम्हीच. दिवाळीच्या आधी कुठला कापडवाला हात सैल सोडतो, द्राक्षाच्या हंगामात पिंपळगावकडचा औषध-खतांचा दुकानदार कधी जाहिरात देतो, कोणाचा चेक वटतो आणि कोणाचा नाही, ही बावीस वर्षांची माहिती तुमच्या डोक्यात आहे, मुलीच्या नाही. रोज तासभर बसलात तर दोन-तीन महिन्यांत हात बसेल. मग ओळखीच्या एका दुकानदाराचं छोटं बजेट घ्या आणि किती फोन आले ते वहीत मांडा. एक सवय मात्र मोडावी लागेल. पेपरच्या बिलात १५ टक्के कमिशन ठरलेलं असायचं. इथं आपल्या कामाचे पैसे तोंड उघडून, दर महिन्याला मागावे लागतात.

आणि बेटा, तुला. बी.ए. कर. नाशिकलाच एचपीटी कॉलेजात पत्रकारितेचा विभाग आहे, पुढे पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट किंवा अमरावतीची आयआयएमसी, म्हणजे भारतीय जनसंचार संस्था. प्रवेश परीक्षांचं तेव्हा बघू. सुरुवातीचा पगार तुटपुंजा असेल, हे आत्ताच ऐकून ठेव. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. बऱ्याच ठिकाणी तालुक्याच्या वार्ताहराकडूनच पुरवणीसाठी जाहिराती गोळा करून घेतात. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं अर्धं पान आणलं, त्याच्या विरोधातली बातमी लिहिताना हात आखडतो. बाबांना विचार, त्यांनी हे जवळून पाहिलंय. नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न तूच विचार : जाहिरातींचं टार्गेट आहे का? तोवर पाणी किंवा बाजार समिती, असा एक विषय पक्का धर आणि ताळेबंद वाचायला शीक.

बाबा, कोर्सची आगाऊ रक्कम भरली नसेल तर भरू नका. भरली असेल तर पावतीच्या मागच्या बाजूला पैसे परत मिळण्याची अट छापली आहे का ते बघा आणि दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा.