पाटी उतरवू नका, आधी माळ्यावर शोधा

ताई, भांडुपच्या तुमच्या पोळी-भाजी केंद्राला ठाण्याच्या त्याच नावाच्या दुकानाने ‘पंधरा दिवसांत पाटी उतरवा’ अशी नोटीस धाडलीय हे वाचलं आणि आमची 2019 ची दिवाळी आठवली. तेव्हा अशीच नोटीस आम्हालाही आली होती. गिरगावात आमचं फराळाचं दुकान, वडिलांनी 1991 साली काढलेलं. नाव देवीचं. देवीच्या नावाचा सातबारा कोणाच्या नावावर नसतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी वकील नाही. सांगतोय ते भोगलेलं आहे, तुमच्या कागदांवरून तुमचं वेगळंही निघेल.

नोटिशीत ‘आमचा ट्रेडमार्क’ लिहिलं म्हणजे नोंदणी झाली असं नव्हे. अर्ज क्रमांक टाकून रजिस्ट्रीच्या साइटवर बघा. नुसता अर्ज असेल तर नोंदणीभंगाचा दावा चालत नाही, फार तर पासिंग ऑफचा, म्हणजे ‘आमच्या नावावर स्वतःचा माल खपवताय’ असा. नोंदणी असली तरी 1999 च्या कायद्यात कलम 34 आहे: त्यांचा वापर आणि त्यांची नोंदणी, दोन्हींच्या आधीपासून तुम्ही ते नाव सलग वापरत असाल, तर ते तुम्हाला अडवू शकत नाहीत.

पण ते ‘सलग’ कागदावर दाखवायला लागतं, आणि माती तिथेच खाल्ली. 2018 मध्ये माळा साफ करताना तीन पोती जुनी बिलबुकं मी रद्दीत घातली. दोन महिन्यांनी नाव नोंदवायला एजंट गाठला. तो म्हणाला, 1991 पासूनचा वापर लिहायचा तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतील, आहेत? नाहीत म्हटल्यावर त्याने ‘प्रपोज्ड टू बी यूज्ड’ टाकलं, मी न वाचता सही ठोकली. म्हणजे सत्तावीस वर्षं चकल्या विकणाऱ्या माणसाने सरकारला लेखी दिलं की नाव अजून वापरायचंय! समोरच्या वकिलाने पहिला कागद तोच काढला. दुरुस्तीसाठी गेलो तर ‘ऑनलाइन टाका’. ऑनलाइन टाकलं, उत्तर नाही. एजंटने फोन उचलणं सोडलं. फी मात्र आगाऊ घेतली होती, पावती न देता.

तारलं कोणी? वाडीच्या गणेशोत्सव मंडळाने. त्यांच्या 1994 च्या अहवालात आमची पाव पान जाहिरात सापडली, नावपत्त्यासकट, वर ‘शुद्ध तुपातील अनारसे’. मग बहिणीकडे जुना गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, निघाला. तेव्हा कुठे समोरचे बोलायला बसले. आम्ही नावाआधी आडनाव लावायचं, त्यांनी दक्षिण मुंबईत शाखा काढायची नाही, असं ठरलं. बिलबुकं असती तर आडनावही लावलं नसतं, हे माझं मत. बायकोच्या मते स्वस्तात सुटलो.

तर उत्तर वकिलाकडूनच पाठवा. फोनवर ‘आम्हाला माहीत नव्हतं हो’ वगैरे अजिबात बोलू नका. ते परस्पर मनाई हुकूम आणतील अशी धास्ती असेल तर कॅव्हिएट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा कोर्टातला अर्ज, टाकून ठेवा. ते 90 दिवस चालतं, मग पुन्हा टाकायचं. त्यांचा अर्ज रजिस्ट्रीच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आला असेल तर विरोधाला चार महिने मिळतात, एक दिवसही वर नाही. ती तारीख आजच बघा.

आणि तुमचा पहिला गुमास्ता कोणत्या सालचा, ते सांगा. त्यांनी वापर कधीपासूनचा लिहिलाय तेही.