प्रबंधात दुसऱ्याचा आलेख, नकाशा, फोटो वापरला तर संदर्भ कसा द्यायचा?

रत्नागिरीच्या बांगडा-तारलीवर प्रबंध लिहिताय आणि आलेखाखाली ‘स्रोत: गूगल’ लिहिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. गूगलने आलेख काढला नाही, फक्त शोधून दिला. तो जिथे पहिल्यांदा छापला, तो अहवाल उघडा आणि पान टिपा. तिथेही खाली तिसऱ्याच कुणाचं नाव असेल तर त्याच्यापर्यंत जा.

जसाच्या तसा उचलला असेल तर ‘स्रोत’ म्हणून लेखक, वर्ष, पान आणि मूळ आकृती क्रमांक द्या. काही वर्षं गाळली किंवा नावं मराठीत केली तर ‘अमुकवरून रूपांतरित’. नुसते आकडे घेऊन एक्सेलमध्ये स्वतः काढला तर ‘आकडेवारी: अमुक, आलेख: संशोधक’. मला हा शेवटचा मार्गच बरा वाटतो, कारण स्क्रीनशॉट छपाईत हमखास धूसर येतो. मात्र स्तंभांची उंची नजरेने मोजू नका, अहवालातला तक्ता शोधा.

मासळीच्या आकड्यांत एक मेख आहे. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेचे आकडे नमुना पाहणीवरून काढलेले अंदाज असतात आणि वर्ष जानेवारी ते डिसेंबर. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं वर्ष एप्रिल ते मार्च. पावसाळी बंदी उठल्यावर ऑगस्टात सुरू होणारा हंगाम संस्थेच्या आकड्यांत मधोमध तुटतो, विभागाच्या आकड्यांत बराचसा एकाच वर्षात बसतो. दोन्ही एका रेषेत जोडू नका. कुठलं वर्ष धरलं ते आलेखाखालच्या टिपेत लिहा.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाला शीट क्रमांक, प्रमाण (उदा. १:५०,०००) आणि वर्ष हवं. उपग्रहचित्राला उपग्रहाचं नाव आणि चित्र टिपल्याची तारीख. तुम्ही डाउनलोड केल्याची नव्हे. गूगल अर्थच्या कोपऱ्यातली नावं कापू नका. कातळशिल्प हजारो वर्षांपूर्वीचं असलं तरी फोटोचा हक्क फोटो काढणाऱ्याचा, म्हणून त्याचं नाव आणि परवाना दोन्ही द्या.

एपीए या संदर्भ देण्याच्या शैलीच्या ७व्या आवृत्तीत आकृती क्रमांक (ठळक) आणि शीर्षक (तिरपं) वर, स्रोताची टीप खाली. अभियांत्रिकीत चालणाऱ्या आयईईई शैलीत आकृतीचं सगळं खालीच. विद्यापीठाची नियमावली वेगळं सांगत असेल तर तीच पाळा. मजकुरात ‘आकृती ३.२ पाहा’ असा उल्लेखही लागतो. तो नसेल तर परीक्षक आधी तेच विचारतात.

प्रबंधापुरतं श्रेय बहुधा पुरतं. तोच आलेख पुढे जर्नलमध्ये छापायचा तर प्रकाशकाची लेखी परवानगी लागते. सीसी बाय (श्रेय देऊन कुणालाही वापरू देणारा खुला परवाना) असेल तर श्रेयावर भागतं. परवानगीच्या उत्तराला आठवडे जातात, त्यामुळे ईमेल लेख पाठवण्याआधीच करा.