गच्चीवरचं आकाश : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, टेलिस्कोप पाहिजे म्हणून हटून बसलाय. ऑनलाइन सहा हजारांत एक मिळतोय, ६७५ पट मोठं दाखवतो असं लिहिलंय. घ्यावा का? आमच्या गच्चीवर रस्त्याच्या दिव्यांचा उजेड फार येतो.
– एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : नका घेऊ. खोक्यावर '६७५ पट' दिसलं की तिथूनच मागे फिरायचं. दुर्बिणीचा कस तिच्या तोंडाच्या व्यासावर ठरतो. व्यास जितके मिलिमीटर, साधारण त्याच्या दुपटीपर्यंतच मोठं करून बघण्यात अर्थ असतो. ६० मिमीचं भिंग १२० पटीच्या पुढे ताणलं तर तोच धूसर ठिपका मोठा होतो, बाकी काही नाही. वर त्या किमतीतला तिपाया असा लटपटतो की फोकसच्या चाकाला बोट लावताच चंद्र गायब. सातपूरला टूलरूममध्ये हयात गेली माझी, ढिला जोड बघवत नाही. तेव्हा राग जरा जास्त वाटला तर समजून घ्या.

त्या पैशांत १० बाय ५० ची बायनॉक्युलर घ्या. १० म्हणजे मोठं दाखवण्याची पट, ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास. दुकानात जाऊनच घ्या आणि काउंटरवर दोन गोष्टी तपासा. डोळ्याकडची बाजू हातभर लांब धरून उजेडाकडे बघा : प्रत्येक भिंगात पाचेक मिलिमीटरची उजळ टिकली दिसेल. ती नीट गोल हवी. कडा कापल्यासारखी, चौकोनाकडे झुकलेली दिसली तर आतली प्रिझमं हलक्या प्रतीची. मग समोरच्या दुकानाची पाटी वाचा. अक्षरं जोडीने दिसली, किंवा डोळ्यांवर ताण आला, तर दुसरा नग मागा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

घरी आल्यावर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभं राहायचं, म्हणजे दिवा थेट डोळ्यांत येत नाही. वीस-पंचवीस मिनिटं मोबाइल खिशात. चंद्र शुद्ध अष्टमीच्या आसपास बघा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या पडलेल्या असतात. पौर्णिमेचा चंद्र कवींना द्या, तो सपाट दिसतो. कृत्तिका, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, कठड्यावर कोपरं टेकवली तर गुरूचे चंद्र, एवढं सिडकोतूनही जमतं. शनीची कडी नाही दिसायची. वर्षभरानंतरही पोराचा उत्साह टिकला, तर सहा इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण घ्या. तिची बैठक म्हणजे साधी लाकडी पेटी, पण हलत नाही.

प्रश्न : ध्रुव सर्वांत तेजस्वी असतो ना? मग मला का सापडत नाही?
– कॉलेज विद्यार्थिनी, इंदिरानगर

उत्तर : तेजाच्या क्रमवारीत तो पहिल्या चाळिसातही नाही, आणि तू बहुतेक फार वर शोधतेस. आपलं नाशिक २० अक्षांशावर, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून २० अंशच वर. हात ताठ करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची. चामरलेण्यांच्या दिशेला, म्हणजे उत्तरेला, तोंड कर आणि दोन मुठी मोज. दिवाळीत संध्याकाळी सप्तर्षी शोधत बसू नकोस, ते तेव्हा क्षितिजाखाली असतात, शर्मिष्ठा या तारकासमूहावरून ध्रुवाकडे जा.

प्रश्न : जानेवारीत रात्री बागेला पाणी द्यायला गेलो की दक्षिणेला अगदी खाली लाल-हिरवं लुकलुकणारं काही दिसतं. गावात ड्रोन म्हणतात.
– द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : अगस्त्य आहे तो, रात्रीच्या आकाशातला व्याधाखालोखाल तेजस्वी तारा. आपल्याकडे जेमतेम १७ अंश वर येतो, त्यामुळे त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो आणि रंग फुटतात. जानेवारी संपताना दहाच्या सुमाराला व्याधापासून सरळ खाली साडेतीन मुठी मोजा. ड्रोन रोज रात्री तिथेच थांबत नाही. रात्री बागेत जाताना बॅटरी आणि सोबत ठेवा. तुमच्या भागात बिबट्याचीच भीती जास्त.

प्रश्न : सिंहस्थ म्हणजे गुरू सिंह राशीत. मग पर्वणीला तो रामकुंडावरून दिसेल का?
– निवृत्त लिपिक, पंचवटी

उत्तर : उत्तम प्रश्न, आणि उत्तर 'नाही'. गुरूची सूर्याभोवतीची फेरी ११.८६ वर्षांची, म्हणून आपल्याकडे सिंहस्थ कुंभमेळा २००३, २०१५ आणि आता २०२७ ला. बारा पूर्ण नाहीत, तो फरक साचत जातो. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर अकरा वर्षांनीच, २०२१ ला झाला तो त्यामुळेच. पण श्रावण-भाद्रपदात सूर्यही सिंहेत शिरतो, आणि गुरू त्याच्या झगमगाटात हरवतो. ढग नसते तरी दिसला नसता. ज्या ग्रहासाठी एवढी गर्दी, तोच रजेवर!

त्याला भेटायचं तर आधी. फेब्रुवारी २०२७ मध्ये तो सूर्याच्या बरोबर समोर असेल, सूर्य मावळताना पूर्वेला उगवेल, मघा जवळच. एप्रिलमध्ये जेवण उरकून गच्चीवर गेलात की जवळपास डोक्यावर.

आणखी एक. २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, आणि त्याच अमावास्येला सूर्यग्रहण. इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त खग्रास. आपल्याकडे दुपार कलल्यावर खंडग्रास. ढगांनी वाट दिलीच तर ग्रहणाचा खास चष्माच वापरा. बायनॉक्युलर त्या दिवशी सूर्याकडे वळवायचीच नाही.

प्रश्न : पावसाळ्यानंतर बायनॉक्युलरच्या भिंगात पांढरं जाळं दिसतंय. उपाय?
– शिक्षक, त्र्यंबकेश्वर

उत्तर : बुरशी आहे. तुमच्याकडच्या पावसात चामडी केस ओल धरून ठेवते, ती आधी बाजूला काढा. घरी खोलू नका, प्रिझमं हलली तर पुन्हा जुळवणं आपलं काम नाही. कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे न्या. पुढच्या वर्षी मृगाआधीच घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या कढईत मंद आचेवर परता, निळे होतात. ती कढई मात्र परत स्वयंपाकाला घेऊ नका.