रास्तचा तिसरा स्वर: वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात ऊद (बोटांनी छेडायचे अरबी तंतुवाद्य) आणि व्हायोलिन ही दोन्ही वाद्ये वाजवणारे संगीतकार व शिक्षक सायमन शाहीन यांच्याविषयी, आणि अरबी मकाम (आपल्या रागासारखी स्वरांची चौकट) व पाश्चात्त्य अभिजात संगीत यांचा मेळ घालण्याच्या त्यांच्या कामाविषयी थोडक्यात लिहिले होते. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. त्यांतल्या पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

नौपाड्याहून एक निवृत्त बँक अधिकारी विचारतात: *शाहीन यांची घडण नेमकी कशी झाली? आणि त्यांचे संगीत म्हणजे शेवटी आपल्याकडे चालणारे फ्युजनच नव्हे काय?*

शाहीन यांचा जन्म १९५५ सालचा, गॅलिली प्रांतातल्या तर्शीहा गावचा. वडील हिकमत शाहीन हे स्वतः ऊदवादक आणि संगीतशिक्षक. मुलाच्या हाती पाचव्या वर्षी ऊद आला आणि त्यानंतर वर्षभरात जेरुसलेममध्ये पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिनचे शिक्षण सुरू झाले. १९८० मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, तेथे मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये पुढचे शिक्षण घेतले, १९८२ मध्ये अरबी संगीत वाजवणारा स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि पुढे बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयात अध्यापनही केले.

बेळगावातले मूल घरी मराठी आणि गल्लीत कानडी बोलते, तेव्हा ते मनात भाषांतर करत नसते, आणि शाहीन यांचे दोन संगीतांशी असलेले नाते मला तसेच वाटते. आपल्याकडे फ्युजन म्हणून जे बहुतेक वेळा ऐकू येते त्यात तबला आणि ड्रम आळीपाळीने आपापले हुकमी तुकडे वाजवतात, शेवटी दोघे मिळून लय चढवतात आणि सभागृहात टाळ्या पडतात. त्यात कुणाला दुसऱ्याची भाषा शिकावी लागत नाही. शाहीन जेव्हा ऊद आणि चार तंतुवाद्यांच्या पाश्चात्त्य चौकडीसाठी रचना लिहितात, तेव्हा चौकडीला मकामाच्या वळणाने वाजवावे लागते आणि ऊदाला लिहिलेल्या स्वरलिपीची शिस्त पाळावी लागते. त्यामुळे तुमचा शब्द मी परत करतो, परंतु तुमच्या शंकेमागचा अनुभव खरा आहे, हे मान्य करून.

घणसोलीहून एक वाचिका लिहितात: *तुमचे वाचून ठाण्याला जाता-येता लोकलमध्ये ‘रास्त’ या मकामातले गायन ऐकले. बाकी सर्व आवडले, पण तिसरा स्वर प्रत्येक वेळी बेसूर लागतो. माझा कान चुकतो आहे की गायकाचा गळा?*

दोन्ही नाही. चूक असलीच तर ती आपल्या घरोघरच्या पेटीची आहे.

प्रथम शब्दांविषयी. ‘मकाम’ म्हणजे स्थान, उभे राहण्याची जागा. आपला ‘मुक्काम’ त्याच अरबी धातूवरून आलेला. ‘रास्त’ हा फारसी शब्द तर आपण रास्त भाव दुकानाच्या पाटीवर वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. सरळ, योग्य, वाजवी असा त्याचा अर्थ. अरबी संगीतात रास्त हा पायाभूत मकाम मानला जातो, म्हणजे तुम्हाला जो स्वर बेसूर लागला तो ज्या मकामात आहे, त्या मकामाचे नावच ‘योग्य’ असे आहे.

आता त्या स्वराकडे येऊ. एका सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर पेटीवर कोमल गंधार ३०० वर आणि शुद्ध गंधार ४०० वर असतो. तानपुऱ्याशी नीट जुळवून गायलेला शुद्ध गंधार सुमारे ३८६ वर आणि कोमल गंधार सुमारे ३१६ वर येतो. रास्तचा तिसरा स्वर या दोहोंच्या मध्ये, साधारण ३५० च्या आसपास असतो. ‘आसपास’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण कैरोचे कलाकार तो किंचित उतरता घेतात, तर सीरिया आणि तुर्कस्तानकडे तो चढा ऐकू येतो, आणि त्या प्रदेशांतले जाणकार श्रोते हा फरक तत्काळ ओळखतात. याच मकामाचा सातवा स्वरही तसाच, दोन निषादांच्या मधला.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडेही श्रुती, म्हणजे स्वरांमधल्या बारीक जागा आहेत, दरबारी रागाचा आंदोलित गंधार आहे, मग आपला कान का बिचकावा? येथे एक बारीक भेद आहे. आपण त्या मधल्या जागेवरून मींडेने, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जातो, आंदोलनात तिला स्पर्श करतो, परंतु तेथे बैठक मारत नाही. रास्तचा गायक मात्र त्या स्वरावर येऊन स्थिर उभा राहतो, त्यावर वाक्य संपवतो, आणि त्याच स्वराला षड्ज मानून ‘सिकाह’ नावाचे मकामांचे आणखी एक कुटुंब उभे राहते. ज्या जागेवरून आपण रोज नुसते जातो तेथे कुणी घर बांधलेले पाहून जसे चमकायला होते, तसे आपल्या कानाचे होते.

हा वाद अरब जगातही जुना आहे. एकोणिसाव्या शतकात मिखाइल मशाका या लेबनानी विद्वानाने सप्तकाचे चोवीस भाग मांडून दाखवले. १९३२ मध्ये इजिप्तचे राजा फुआद यांच्या आश्रयाने कैरो येथे अरबी संगीताची मोठी परिषद भरली, तिला संगीतकार बेला बार्टोक व पाउल हिंडेमिथ आणि संगीतशास्त्रज्ञ कुर्ट साक्स यांच्यासारखी मंडळी युरोपातून आली होती. चोवीस भाग समान मानावेत की नाहीत आणि पियानोला अरबी संगीतात जागा द्यावी की नाही, यावर तेथे तीव्र मतभेद झाले. गंमत अशी की पाश्चात्त्य वाद्यांचा आग्रह धरणाऱ्यांत सुधारणावादी इजिप्शियन होते आणि पियानोला विरोध करणाऱ्यांत युरोपातून आलेले पाहुणे होते. आपल्या आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा वाद परका वाटणार नाही. मींड नाही आणि श्रुती नाहीत, हा आपला पेटीवरचा आक्षेपच कैरोत पियानोवर होता.

पेटीला दोष देतो म्हणून स्वतःचा एक अपराधही सांगतो. काही वर्षांपूर्वी तलावपाळीजवळच्या एका छोट्या सभागृहात माझी एक विद्यार्थिनी हौसेने रास्तमधली रचना गायला बसली होती आणि साथीला मी कीबोर्ड घेतला होता. तिने तिसरा स्वर अगदी बिनचूक लावला. मी सवयीने शुद्ध गंधार दाबला. दोन स्वर एकमेकांवर असे घासले की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मुलीकडे कीव करून पाहिले. माझ्याकडे कुणी पाहिले नाही, कारण यंत्र चुकत नाही अशी आपली समजूत असते. तेव्हापासून आमच्या वर्गात मकाम ऐकायचा असेल तर फक्त तानपुरा चालू असतो. आधी पेटीवर कोमल गंधार ऐकायचा, मग शुद्ध, मग पेटी बंद करून आवाजाने त्यांच्या मधोमध थांबायचे. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा आवाज नकळत वर, शुद्ध गंधाराकडे सरकतो. साधारण आठवड्याभरात तो थांबू लागतो. एकदा थांबला, की तुमच्या लोकलमधला गायक बेसूर वाटणार नाही, असे मी खात्रीने सांगतो.

खारघरहून एक पालक विचारतात: *माझी नऊ वर्षांची मुलगी पाश्चात्त्य व्हायोलिनच्या परीक्षा देते. तिने मकाम किंवा राग शिकायला घेतल्यास हात बिघडेल, असे तिच्या शिक्षकांचे म्हणणे आहे. ते योग्य आहे काय?*

तिच्या शिक्षकांची भीती अनाठायी नाही, इतके आधी सांगतो. पाश्चात्त्य पद्धतीत व्हायोलिनच्या चार तारा सोल, रे, ला, मी (ही पाश्चात्त्य स्वरनावे) अशा लावतात. जुनी अरबी पद्धत सोल, रे, सोल, रे अशी आहे. म्हणजे आपल्या भाषेत सा, प, सा, प, आणि कर्नाटक संगीताचे व्हायोलिनवादकही याच नात्याने तारा मिळवतात. तारा बदलल्या की बोटांचा सगळा हिशेब बदलतो, आणि नऊ वर्षांच्या मुलीला परीक्षेच्या तोंडावर तो बदल करायला लावू नये.

तारा न बदलताही पुष्कळ काही करता येते. सर्वांत जाड्या तारेला षड्ज मानून रास्त वाजवला, तर तिसरा स्वर दुसऱ्या बोटाचा असतो. परीक्षेच्या तयारीत मुलीने त्या बोटाच्या दोन जागा घोकल्या आहेत, एक पहिल्या बोटाला चिकटून आणि दुसरी तिसऱ्या बोटाला चिकटून. रास्तमध्ये तेच बोट दोघांच्या मध्ये, कुणालाही न चिकटता ठेवायचे. व्हायोलिनला आणि ऊदाला पडदे नसल्यामुळे हे शक्य होते, गिटारवर किंवा पियानोवर नाही. कानून या अनेक तारांच्या अरबी वाद्यावर तर यासाठी प्रत्येक तारसमूहाखाली छोट्या कळा असतात आणि वादक वाजवता वाजवता डाव्या हाताने त्या उचलतो वा पाडतो.

लिहिलेल्या स्वरलिपीविषयी मात्र सावध राहावे. अरबी स्वरलिपीत कोमलाच्या चिन्हावर एक आडवी रेघ मारून हा मधला स्वर दाखवतात, परंतु ती रेघ वाचून स्वर सापडत नाही, जसा भातखंडे लिपीत लिहिलेला तोडी राग वाचून तोडी येत नाही. शाहीन यांनी १९९७ पासून मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होलियोक महाविद्यालयात दर उन्हाळ्यात अरबी संगीताचे आठवडाभराचे निवासी शिबिर चालवले. पाश्चात्त्य पद्धतीत तयार झालेले अनेक वादक तेथे जात आणि नवशिक्यांच्या शेजारी बसून मकाम कानाने उचलत. ज्यांचा हात उत्तम तयार आहे त्यांनाही शिकणे पुन्हा ऐकण्यापासूनच सुरू करावे लागते, म्हणून तुमच्या मुलीने यंदाची परीक्षा देईपर्यंत वाजवण्याची घाई न करता रोज दहा मिनिटे केवळ ऐकावे. ऐकण्याने कुणाचा हात बिघडल्याचे मी पाहिलेले नाही.

चरईतून एक गिटारवादक विचारतात: *मकामाला कॉर्ड देता येतात का?*

कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरांचा गुच्छ, काहींना देता येतात. नहावंद हा पाश्चात्त्य मायनरच्या अगदी जवळचा आहे, अजम हा आपल्या बिलावलासारखा, म्हणजे मेजर. हिजाजचे स्वर आपल्या बसंत मुखारीशी जुळतात आणि त्यालाही जपून कॉर्ड बसवता येतात. रास्तला मात्र बसत नाहीत, कारण कॉर्ड मेजर की मायनर हे तिसऱ्या स्वरावर ठरते आणि रास्तचा तिसरा स्वर दोन्ही बाजूंना नकार देतो.

या अडचणीतून इजिप्तच्या संगीतकारांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. अबू बक्र खैरत हे पेशाने वास्तुविशारद, १९५९ मध्ये स्थापन झालेल्या कैरो कॉन्झर्व्हेटरीचे पहिले प्रमुख. त्यांनी लोकधुना घेऊन त्यांवर युरोपीय वाद्यवृंदाचा साज चढवला. ऐकायला ते गोड आहे, परंतु मला त्यात धून पाहुणी आणि कॉर्ड यजमान असल्यासारखे वाटते. गमाल अब्देल रहीम यांनी दुसरी वाट धरली. १९२४ मध्ये जन्मलेले हे संगीतकार जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथे हाराल्ड गेन्झमर यांच्याकडे रचना शिकले आणि परत येऊन कैरोत शिकवू लागले. त्यांनी कॉर्डचे ठोकळे रचण्याऐवजी मकामातूनच दुसरी आणि तिसरी सुरावट काढून त्या एकमेकींत विणल्या. राजेह दाऊद आणि मोना घोनेम हे इजिप्तचे पुढच्या पिढीतले संगीतकार त्यांचेच विद्यार्थी. तुम्ही गिटारवर प्रयोग करणार असाल, तर डाव्या हाताने कॉर्ड न पकडता खालच्या तारेवर षड्ज धरून ठेवा आणि वर एकच सुरावट चालवा. इतके केले तरी अर्धे भांडण मिटते.

वाशीहून एक वाचक: *दहा मात्रांचा एक अरबी ताल झपतालासारखा वाटला. तो झपतालच आहे का? आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी?*

तो ‘समाई सकील’ असावा. मात्रा दहाच, पण झपतालाचे खंड दोन, तीन, दोन, तीन असे पडतात, तर समाईचे तीन, दोन, दोन, तीन. पहिल्या, सहाव्या आणि सातव्या मात्रेवर ‘दुम’ हा घुमारा, चौथ्या आणि आठव्या मात्रेवर ‘तक’ हा कोरडा बोल. मांडीवर वाजवून पाहा. सहावी आणि सातवी ही लागोपाठची दोन ‘दुम’ आली की झपतालाची सवय असलेला हात हमखास अडखळतो.

ऐकण्यासाठी सुरुवात शाहीन यांनी पंडित विश्वमोहन भट्ट यांच्यासह केलेल्या १९९६ च्या ‘सल्तना’ या ध्वनिमुद्रणापासून करावी. मकामात पूर्ण बुडून गेलेल्या कलाकाराच्या अवस्थेला अरबीत सल्तना म्हणतात. एकीकडे ऊद आणि व्हायोलिन, दुसरीकडे मोहन वीणा. ऊदाला आणि व्हायोलिनला पडदे नाहीत, आणि मोहन वीणेवर डाव्या हातातली सळई तारेवरून सरकत असल्यामुळे पडद्यांचे बंधन तिलाही नाही. पहिल्यांदा ऐकताना सुरावटीकडे लक्ष देऊ नका. भट्ट यांची मींड कोणत्या जागेवरून निघून जाते आणि शाहीन यांचा ऊद कोणत्या जागेवर थांबतो, एवढेच मोजा.